आर्वीच्या आजीची पाटी

तुमच्या खोलीच्या दारावरची पाटी आर्वीच्या आजीने कापली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती ज्या मशीनवर कापली गेली ती मशीन माझी आहे, हे तुमच्या लक्षात राहिलं असेल की नाही, मला शंका आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं आणि तुम्हाला वाचणंही. पण त्या पाटीनंतर मी ठरवलं की तुम्हाला जे लिहायचं ते मराठीतच. अडलं तर आईला विचारा.

मशीन तुमच्या बाबांनी मागच्या खेपेला मागवून दिली. तिला स्क्रोल सॉ म्हणतात. लोखंडी टेबल आणि त्यातून वर आलेलं, ताणून बसवलेलं, तारेसारखं बारीक पातं. बटण दाबलं की पातं वरखाली धावू लागतं आणि आपण लाकूड फिरवत नक्षी कापायची. मी ती मागच्या पडवीत मांडली, शेजारी पात्यांचा डबा, पॉलिश पेपर, पट्टी आणि पेन्सिली. शिकवणारे व्हिडिओ पाहिले. कार्बन पेपरने चित्र प्लायवर उतरवायचं आणि मग रेघेवरून जायचं.

रेघेवरून जाणं मात्र जमेना. सरळ रेघ नागमोडी व्हायची, वळणावर पातं टणकन तुटायचं. चिकाटी मला आहे. मी रोज सकाळी बसायची आणि हळूहळू माझं पान पानासारखं दिसू लागलं. मासाही झाला, फक्त शेपटीला जरा उतरता. मी त्याचा फोटो तुम्हाला पाठवला आणि तुम्ही अंगठा पाठवलात.

कापूस वेचून झाल्यावर आर्वीच्या आजी आल्या. त्यांना नवे दात बसवायचे होते. त्यासाठी इथल्या, वर्ध्याच्या डॉक्टरकडे सारख्या चकरा होत्या आणि दर वेळी एसटीने ये-जा नको म्हणून मीच त्यांना राहायला बोलावलं. हे मी मनापासून केलं होतं. पण संध्याकाळी तुमचा फोन यायचा तेव्हा तुम्ही आधी विचारायचात, "आर्वीची आजी कुठंय?" समोर मी असायची, फोन माझा असायचा. त्या दात नसलेल्या तोंडाने तुम्हाला काहीतरी सांगायच्या, तुम्ही खिदळायचात आणि मी टेबलाच्या कडेला बसून शेंगा सोलायची. मला तुम्ही अभ्यासाचं सांगता. गुण सांगता. त्यांना तुम्ही शाळेत कोण कोणाशी भांडलं ते सांगता.

दोन दिवस त्यांनी माझं कापणं नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"इहीनबाई, तुमी त्याले ढकलून काऊन राह्यल्या?" त्या म्हणाल्या. "पातं खाते आपल्या मनानं. कपडा ढकलते का कोणी?"

विहीणबाईला त्या इहीनबाई म्हणतात. मी उठले आणि त्यांना बसवलं. खरं सांगायचं तर बोटाला जरा खरचटावं आणि मशीनचा नाद सुटावा, एवढीच माझी अपेक्षा होती. त्यांनी पदर खोचला, प्लायचा तुकडा दोन्ही तळव्यांखाली सपाट धरला आणि बटण दाबलं. आयुष्यभर त्यांनी शिवणाच्या मशीनवर घरातल्या बायकांची पोलकी शिवली आहेत. गळ्याचा गोल शिवताना सुई जागेवरच राहते आणि कापड फिरतं. त्यांनी लाकूड तसंच फिरवलं. मी आयुष्यभर पेनाने लिहिलं, त्यामुळे माझा हात रेघेच्या मागे धावायचा आणि पात्याला आडवा रेटायचा. त्यांचा गोल निघाला तो वाटीच्या काठासारखा.

मी म्हटलं, छान आहे. त्या म्हणाल्या, मशीन चांगली आहे. मला वाटतं त्यांनी ते माझ्या समाधानासाठी म्हटलं आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्यानंतर सकाळची वेळ माझी आणि दुपारची त्यांची झाली. मी त्यांच्यासारखी लाकूड फिरवायला शिकले, पण त्या झोपल्या असताना. त्यांची काम करायची पद्धत मला अजिबात पटत नसे. त्या माप घेत नसत, पॉलिश पेपरला हात लावत नसत, पाती डब्याबाहेर तशीच टाकत. भुसा पडवीभर. हे मी त्यांना कधी बोलले नाही, तुमच्या आईला मात्र फोनवर बोलले. तिने "आई अशीच आहे" असं इतक्या लाडाने म्हटलं की मी विषय बदलला.

मग तुम्हाला दारासाठी पाटी हवी झाली. एकच हवी होती, कारण दार एक. कोणीही करा, असं तुम्ही म्हणालात. ती मला करायची होती. कपाट, घड्याळ, स्वेटर असं बरंच मी तुम्हाला पूर्वी पाठवलेलं आहे. पण रोज हात लावून आत जाल असं माझं तिथे काही नाही.

मी WELCOME लिहायचं ठरवलं. तुम्हाला वाचता येईल, तुमच्या मित्रांनाही. अक्षरं पट्टीने आखली आणि एकेक कापून काढलं. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, हे मला काय नवीन नव्हतं, पण कापल्यावर हातात आला तो नुसता ढीग. ती फळीवर ओळीत चिकटवावी लागली. मी प्रत्येक अक्षराची कड घासून गुळगुळीत केली, मधलं अंतर मोजलं. दोन्ही E सारखे आले. पहिल्यांदा मला माझं काम आवडलं.

आर्वीच्या आजींनी खडूने, हातानेच, प्लायवर 'येजो' लिहिलं आणि कापलं. वरच्या रेघेने दोन्ही अक्षरं धरून ठेवली, मात्रा त्या रेघेवर उभ्या राहिल्या आणि अख्खा शब्द एका तुकड्यात बाहेर आला. ना फळी, ना चिकटवणं. कडा खरबरीत, 'जो' जरा खाली झुकलेला.

संध्याकाळी मी दोन्ही पाट्या फोनसमोर धरल्या. तुमच्यातल्या मोठ्याने माझी पाहिली आणि "परफेक्ट" म्हणाला, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. मग धाकटी पडद्याजवळ आली. तिला मराठी अक्षरं अजून जुळवावी लागतात.

"ये," ती म्हणाली. थांबली. "जो. येजो! हे तर आर्वीच्या आजीचं!"

फोन ठेवताना त्या तुम्हा दोघांना वेगवेगळं "येजो" म्हणतात. मी 'या' म्हटलं तर ते आता या असं होतं. येजो म्हणजे जमेल तेव्हा ये, पण ये. त्यात वाट पाहणं धरलेलं असतं. तुम्ही दोघं तो शब्द ओरडत खोलीभर नाचलात आणि मला पुढचं विचारायची गरज उरली नाही.

त्या नवे दात घेऊन आर्वीला गेल्या. पाटीच्या कडा घासायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, त्या मीच घासल्या आणि पार्सलही मीच केलं. WELCOME पडवीत आहे. दूधवाला रोज वाचतो.

मग मी लक्ष ठेवलं की फोन ठेवताना मी स्वतः काय म्हणते. मी म्हणते, "बाय". इतकी वर्षं मी तुम्हाला एका इंग्रजी शब्दाने निरोप देते आहे आणि तुम्हीही मला तेच म्हणता. तेव्हा तोच शब्द कापायला घेतला, पण मराठीत. वरची रेघ दोन्ही अक्षरं आणि मधला काना धरते. अवघड आहे तो 'ब'. त्याच्या पोटात ड्रिलने दोन भोकं पाडून, पातं एकेकातून ओवून, मधली तिरकी रेघ शाबूत ठेवत दोन्हीकडचं लाकूड काढावं लागतं. पहिल्या 'ब'ची ती रेघ तुटली, दुसऱ्याचीही. आता लाकूड मी ढकलत नाही. परवाचा 'ब' पूर्ण आला आणि त्याच्यामागून 'आ'चा काना आणि 'य'.

पार्सल या आठवड्यात निघेल. दाराची बाहेरची बाजू पाहुण्यांसाठी असते, ती आर्वीच्या आजींकडेच राहू द्या. ही आतून लावायची, अंथरुणावरून दिसेल अशी. खिळा बाबांना ठोकायला सांगा, उंची तुमच्या डोळ्यांइतकी धरून, त्यांच्या नव्हे. आणि लावल्यावर फोटो आधी मला पाठवा.