रिकाम्या ताटातला खडा

शकूताईंनी हात धरला नसता, तर रिकाम्या ताटातले खडे मी अजून वेचत बसले असते.

सुरतेच्या खानावळीत त्या पोळ्या लाटतात, मी तांदूळ निवडते. त्या दिवशी तांदूळ पातेल्यात ओतले, तरी ताटात एक काळा खडा दिसत होता. बोट नेलं की सरकायचा. बाकीच्या बायका हसायला लागल्या. "अगं बघा, ताटच निवडतेय ही!" शकूताई हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि उजवा डोळा तळव्यानं झाकला. "आता आहे का गं खडा?"

नव्हता.

डॉक्टर म्हणाले, साखरेनं डोळ्यात रक्त उतरलंय. उजवा गेल्यात जमा, डावा लेसरनं टिकतो का बघू. साखर पायाला लागते, एवढंच मला ठाऊक. शाळा चौथीतच सुटली. तांदळातला खडा फेकता तरी येतो. हा मात्र मी बघेन तिथं माझ्याआधी जाऊन बसतो. भिंतीवर, आभाळावर, गावाहून फोनवर आलेल्या लेकीच्या फोटोत थेट तिच्या गालावर.

मालकाला अजून सांगितलेलं नाही. मी बोटांनी चाचपून तांदूळ निवडायला शिकतेय. शकूताई, तुमची नजर थकली की तुमच्या घरचे तांदूळ मी निवडेन. एकही खडा तुमच्या दाताखाली येऊ देणार नाही.