गोळी, चिंधी आणि मावशी

कापड नुसतं चिमटीत धरून त्याची जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगणारी बाई अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या नेपरव्हिलमध्ये एकच होती, आणि ती माझ्या बायकोची मावशी होती, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. गणपतीत सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला कुणी नवा कुर्ता घालून आला, की मावशी आधी त्याची बाही दोन बोटांत धरत, डोळे मिटत आणि म्हणत, "बारा. धुतल्यावर अकरा होईल." त्या बिचाऱ्याला वाटे, किमतीचा अंदाज चाललाय. खात्री करून घ्यायला पर्समध्ये मायक्रोमीटर असेच. त्यात त्यांनी आमचे पडदे मोजले होते, उशांचे अभ्रे मोजले होते, आणि एकदा माझ्या बायकोनं लाटलेली पोळीसुद्धा. पोळीचा आकडा मात्र त्यांनी मोठ्या मनानं स्वतःपाशीच ठेवला.

ह्या सगळ्याच्या मुळाशी होतं एक पिस्तूल. मावशींची सगळी नोकरी, आधी पुण्यात आणि मग इथे, कारखान्यांत मापं तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तिथल्या एका मैत्रिणीनं त्यांना मक्याच्या शेतांपलीकडच्या नेमबाजीच्या क्लबात नेलं, आणि मावशी नळीच्या तोंडातून भरायच्या जुन्या पद्धतीच्या पिस्तुलाच्या प्रेमात पडल्या. आधी दारू ओतायची, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी अंगठ्यानं आत दाबायची आणि गजानं तळाशी बसवायची. गोळी नळीहून जराशी बारीक असते, मधली फट चिंधी भरून काढते. चिंधी पातळ पडली तर नेम गेला, जाड झाली तर गोळी आत जाईना. मावशींच्या पिस्तुलाला, त्याच हजाराव्या भागांच्या मापात, चारशे पंचेचाळीसची गोळी आणि पंधराची चिंधी लागते, हे शोधायला त्यांना तीन उन्हाळे लागले. त्या काळात त्यांनी मांजरपाट, दोसुती, पॉपलीन आणि माझे दोन पायजमे वापरून पाहिले. पायजमे नऊचे निघाले. "ह्यात तू हिवाळा कसा काढतोस?" एवढंच त्या म्हणाल्या. ह्या छंदाचा आम्हाला एकच त्रास झाला. एकदा त्यांचा फोन स्पीकरवर होता आणि त्या बायकोला सांगत होत्या की दारू संपलीय, जावयाला गाडी काढायला सांग. समोर पुण्याहून आलेले पाहुणे बसले होते. आमच्या घराबद्दल पुण्यात पुढे दोन वर्षं हळू आवाजात बोललं जात असे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मावशींनी बर्फात ड्राइव्ह करणं सोडलं, तेव्हापासून शनिवारी सकाळी त्यांना क्लबात नेणं माझ्याकडे आलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. बार झाला की इतर लोक दुर्बिणीतून लक्ष्याकडे बघत. मावशी रेंज बंद होण्याची, म्हणजे सगळ्यांचे बार थांबण्याची, वाट पाहत आणि मग वाकून पुढच्या गवतात पडलेली चिंधी शोधत. जन्मपत्रिका उलगडावी तशी ती उलगडून मला दाखवत. मधे जळकं भोक म्हणजे कापड पातळ, कडांना काप गेले म्हणजे फार घट्ट. चिंधी धड निघाली की लक्ष्यावर काय झालं ते त्या विचारतही नसत. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा, हाडाचा शेतकरी, ह्यावर मिशीत हसायचा. एकदा तर त्यानं मावशींना कपडे वाळत घालायला दोरी बांधून देऊ का, असंही विचारलं.

मग मावशींचा अंगठा गेला. डॉक्टरांनी संधिवात सांगितला. चारशे पंचेचाळीसची गोळी नळीच्या तोंडावर ठेवून त्या दाबत राहायच्या, ओठ आवळलेले, आणि गोळी हलायची नाही. एका शनिवारी त्या शेतकऱ्यानं उठून येऊन, अगदी मर्यादेनं, मी भरून देऊ का असं विचारलं. मावशींनी त्याचे आभार मानले, पिस्तूल पेटीत ठेवलं आणि मला म्हणाल्या, "चल घरी."

गाडीत त्या पेटी मांडीवर घेऊन बसल्या. मीच म्हटलं, "मावशी, तो चांगल्या मनानं म्हणाला."

"माहितीये. म्हणून तर वाईट वाटलं."

मला वाटलं, संपलं आता. पण त्या हिवाळ्यात त्यांच्या घरचं वॉशिंग मशीन थांबलंच नाही. गोळी लहान करायची तर चिंधी जाड हवी, आणि जाड असून ती मऊही हवी, म्हणजे अंगठ्याखाली दबेल. त्यांनी गादीच्या खोळीचं अठराचं कापड आणलं आणि धूत सुटल्या. लहान गोळ्या ओतायला क्लबातून साचा उसना आणला. बर्फ वितळल्यावर पहिल्याच शनिवारी चारशे पस्तीसची गोळी चाळीस वेळा धुतलेल्या चिंधीत बसवून त्यांनी अंगठा टेकवला, आणि ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. बार झाला. चिंधी अख्खी निघाली. त्या उन्हाळ्याच्या स्पर्धेत मावशी अकरा जणांत सातव्या आल्या आणि परतताना सबंध रस्ता गुणगुणत होत्या.

ते त्यांचं इथलं शेवटचं वर्ष. एकटीनं राहणं बरं नव्हे म्हणून मुलानं त्यांना दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला नेलं. सूनबाई गुणी आहे, नातवंडं आहेत, पण घरात पिस्तूल नको असं ठरलं, आणि मावशींनी ते मैत्रिणीला देऊन टाकलं.

ह्या वसंतात त्यांचा उसना साचा परत करायला मी क्लबात गेलो. तो शेतकरी तिथेच होता. त्यानं मला बाजूला घेतलं, उजवा हात पुढे केला आणि म्हणाला की आपलाही अंगठा आता ऐकत नाही, त्या बाईंचं माप काय होतं? मला आकडे आठवत होते, पण मी मावशींना फोनच लावून दिला. त्यानं टोपी काढली आणि पंधरा मिनिटं उभ्याउभ्या बोलला. कापड किती वेळा धुवायचं ते त्यानं हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं.

मग फोन माझ्याकडे आला. "घाईत नाहीस ना?" मावशींनी विचारलं.

"नाही, मावशी."

"मग कट करू नकोस. जरा टेबलावर ठेव."

मी फोन टेबलावर ठेवला आणि बाकावर बसलो. शेतकऱ्यानं भरलं, पलीकडच्या दोघांनी भरलं. एकेक बार होत गेला, धूर शेतांकडे सरकत गेला. रेंज बंद झाली तेव्हा मी फोन कानाला लावला. त्या अजून लाईनवर होत्या, बार ऐकत. पुढच्या बारांसाठी मी फोन पुन्हा टेबलावर ठेवला.