दुसऱ्याची थैली

माझा नवरा सेलूहून नागपूरला भाजीची गाडी नेतो, म्हणजे न्यायचा. गावातलं कोणीही रस्त्यावर हात दाखवून त्याच्याजवळ थैली द्यायचं. कोणाच्या शिकणाऱ्या मुलीला ठेचा, कोणाच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू. आत काय आहे, असं आमच्याकडे विचारत नाहीत. विचारलं की देणाऱ्याचं तोंड उतरतं. एकदा बसस्टँडवर एका अनोळखी माणसानं अशीच थैली दिली, नागपुरात माझा भाऊ घेईल म्हणाला. आमचा जिल्हा दारूबंदीचा, म्हणून नाक्यावर पोलिसांनी दारू शोधायला गाडी थांबवली आणि त्या थैलीत गांजा निघाला.

नवरा आत गेला. मी वकील बघायला निघाले, तर सासरे दारात आडवे.

"आपल्या पोरानं काई केलंच नाई, तं वकील काऊन? लोकं म्हणतीन, याच्या मनात पाप होतं."

"मामाजी, खरं सांगाले बी कोर्टात कोणी लागते," म्हणत मी चप्पल घातली. त्यांच्यासमोर एवढा आवाज मी कधी चढवला नव्हता.

वर्ध्याच्या वकीलबाईंनी नीट समजावलं. अमली पदार्थांच्या कायद्यात माल गाडीत सापडला की नेणाऱ्याला तो ठाऊक होता, असंच आधी धरतात. ठाऊक नव्हता, हे आपण दाखवायचं. जामीन सहज मिळत नाही आणि शिक्षा वर्षानुवर्षांची. मालाचं वजन, सील, पंचांच्या सह्या, सगळं त्या तपासणार होत्या. सासऱ्यांचा भोळेपणा तिथे कुठे पुरला असता?

आणि इकडे माझा शहाणा नवरा! तुरुंगात भेटायला गेले, तर जाळीपलीकडून म्हणतो, "आतले लोकं सांगून राह्यले, कबूल केलं तं लवकर सुटका होते. तुह्ये हेलपाटे पाहवत नाई मले."

मी अशी भडकले, की अर्धी भेट भांडण्यातच गेली. "माह्या हेलपाट्यायची काळजी तुम्ही करू नका. न केलेला गुन्हा कबूल करून आले, तं घरात घेणार नाई मी!"

तो मान खाली घालून हसला. किती वाळला होता! परतताना बसमध्ये मी पदर तोंडाला लावून रडले.

आरोप वाचायच्या दिवशी सासरेही आले. जजसाहेबांनी आरोप वाचला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"नाई, साहेब. थैली मी नेली. पण आत काय होतं, ते मले माईत नोतं."

खटला अजून चालूच आहे. पण त्या दिवशी वकीलबाई त्याच्या बाजूनं बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा सासऱ्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सूनबाई, या बाईले सोडजो नोको."