आमच्या माळावरचा गुलगुथा

मंडळी, आज सकाळी सावेडीत चर्च सुटल्यावर चहा चालू होता. माझा भाचा नुकताच जेरुसलेमला जाऊन आलाय. मोबाईलवर फोटो दाखवत म्हणाला, "मावशी, येशूला क्रुसावर खिळलं ती टेकडी, गुलगुथा, दोन ठिकाणी दाखवतात. खरी कुठली, ते गाईडलाही सांगता येईना."

दोघंतिघं त्याच्यावर उखडलेच. "असलं बोलून लोकांचा विश्वास कशाला घालवतोस?"

मला बहात्तरचा दुष्काळ आठवला. सुप्याजवळच्या आमच्या खेड्यात आबा, म्हणजे माझे वडील, उपासना चालवायचे आणि एरवी खडी फोडायला जायचे. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना गावाबाहेरच्या माळावर व्हायची. येशू तिथंच मेला, असं मी धरून चालले होते. शाळेत नकाशा पाहिला आणि तणतणत घरी आले. "आबा, आपला गुलगुथा खोटा आहे!"

आबांनी रिकाम्या हंड्याकडं पाहिलं. "खरा कुठं हाय, मला बी ठाव न्हाई, पोरी. पर मरताना त्याला तहान लागली हुती. ती मातर हितलीच."

भाच्याला म्हटलं, दोन्ही फोटो पाठव.

तुमच्या लहानपणी गुलगुथा कुठं होता?