तीन अँटीव्हायरस आणि आमचे पंच

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे पंच म्हणतात. उभा जन्म व्हॉलीबॉलच्या मैदानावर, नेटशेजारच्या उंच खुर्चीत बसून निकाल देण्यात गेला. मग गुडघ्यांनी दगा दिला, खुर्चीची शिडी चढवेना, आणि व्हॉलीबॉल मंडळाने टाळ्या वाजवून घरी पाठवलं. तेव्हापासून पंचगिरी घरात सुरू झाली. नळ कोणी उघडा टाकला, रिमोट कोणाच्या हक्काचा, सगळ्याचा निकाल हे देणार. असा माणूस दिवसभर रिकामा घरात बसला की बायकोच्या नाकी नऊ येतात, हे मी अनुभवाने सांगते.

म्हणून मंडळातून फोन आला तेव्हा ह्यांच्याआधी मीच खूश झाले. नव्या पंचांचा क्लास घ्यायचा होता, तोही घरच्या कॉम्प्युटरवरून, रविवारी संध्याकाळी पाच वाजता. जुन्या सामन्यांचे व्हिडिओ दाखवायचे आणि कोणता निर्णय का दिला ते समजवायचं. नीट झाला तर दर रविवारी, नाहीतर मंडळ दुसरा माणूस बघणार. हे फोन ठेवून थेट आरशासमोर गेले आणि हातवारे करायला लागले. किती दिवसांनी तो चेहरा असा फुललेला बघितला मी.

आणि शुक्रवारी स्क्रीनवर लाल चौकट उगवली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा. हे घाबरून नंबर फिरवायला लागले, तो मी फोनच काढून घेतला आणि लेकीला लावला. ती परगावी असते, कॉम्प्युटरचंच काम करते.

"बाबा, त्या नंबरवर अजिबात फोन करू नका," ती म्हणाली. "असल्या चौकटी फसवायलाच असतात. ती बंद करा आणि एक चांगला अँटीव्हायरस बघा. एकच हं."

एकच, हे ह्यांच्या कानात शिरलं, डोक्यात नाही. शनिवारी सकाळी बघते तर साहेब तीन अँटीव्हायरस घेऊन बसलेले, तिन्ही पहिले काही दिवस फुकट वापरायचे.

"अहो, ती एक म्हणाली होती ना?"

"अगं, निवड करायची तर सामना नको? न खेळवता कोणाला विजयी करू? तिघांना एकदम उतरवतो. जो जास्त व्हायरस पकडेल तो राहील."

"तीन तिघाडा, काम बिघाडा," मी म्हटलं.

"प्रेक्षकांनी बाहेर बसावं," हे म्हणाले.

सामना रंगला खरा. पहिल्याने दुसऱ्यालाच व्हायरस ठरवलं. दुसऱ्याने पहिल्याला अडवलं. तिसऱ्याला कोणी भेटेना, तर त्याने ह्यांचे सामन्यांचे व्हिडिओच संशयित म्हणून कोंडून ठेवले. कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरायला लागला आणि एक फाइल उघडेपर्यंत माझा चहा करून पिऊनही व्हायचा. तरी रविवारी दुपारपर्यंत हे आशेवर होते. मग त्यांनी व्हिडिओ उघडायला घेतले आणि एकही उघडेना.

ह्यांचा चेहरा पार उतरला. "मंडळाला सांगतो, दुसरा माणूस बघा," असं अगदी हळू म्हणाले. मला इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की काय सांगू. "दुसरा माणूस कशाला? मी बरी बघू देईन," म्हटलं आणि पुन्हा लेकीला गाठलं.

"बाबा, किती टाकलेत?"

हे छताकडे बघायला लागले. मीच सांगितलं, तीन, आणि तिसऱ्याने व्हिडिओ कोंडल्याचंही. पोरगी आधी पोट धरून हसली, मग भराभर सांगायला लागली. आधी तिसऱ्याने कोंडलेले व्हिडिओ सोडवून घ्या. मग एकेकाला काढा आणि दर वेळी कॉम्प्युटर बंद करून चालू करा.

"आणि मग राखण कोण करणार?" ह्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरमध्ये मुळातच एक आहे, बाबा. बाहेरचा आला की तो बाजूला होतो, गेला की परत उभा राहतो. तुम्हाला तेवढा पुरे. फक्त अपडेट करत जा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! हे वाचत गेले, मी बटणं दाबत गेले. दोघे मुकाट गेले. तिसरा मात्र जाताना खरंच काढू का, नक्की काढू का, विचारत बसला. नक्की, नक्की, म्हणून मी त्याला घालवला. घड्याळात पाच वाजायला थोडाच अवकाश होता. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला आणि संरक्षण चालू असल्याची हिरवी खूण दिसली. सगळे व्हिडिओ जागच्या जागी होते. आनंदाने मी ह्यांच्या पाठीत धपाटाच घातला.

पाच वाजता स्क्रीनवर एकेक चेहरा उमटला. पहिल्याच व्हिडिओवर एका मुलीने विचारलं, "सर, बॉल रेषेवर होता हे तुम्ही एवढ्या झटकन कसं ठरवलं?" हे सांगायला लागले, ते सांगता सांगता उठून उभेच राहिले. तास कधी संपला कोणालाच कळलं नाही. मंडळाचा माणूसही बसून ऐकत होता.

"सर, पुढच्या रविवारी याच वेळी ना?" त्यानेच विचारलं.

हे चष्मा काढून पुसत बसले. डोळे भरून आलेले. शेवटी मीच स्क्रीनसमोर वाकले आणि सांगितलं, "हो हो, याच वेळी. आणि रोज ठेवलात तरी आमची काही हरकत नाही."