नियमातल्या दोन पेट्या

माझे सासरे बसचे ड्रायव्हर होते. डेपोत त्यांना सगळे ‘सावकाश’ म्हणायचे. ते ब्रेक दाबायचे तेव्हा उभ्या माणसाचाही तोल जायचा नाही. घरीही तसेच. दार लावतील तर आवाज नाही, रागावतील तर ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळायचं.

निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना डेपोच्या वर्कशॉपच्या छताला मधमाश्यांचं मोहोळ लागलं. दोघं-तिघं पलिते घेऊन जाळायला निघाले. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना अडवलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कुठूनतरी एक मधपाळ शोधून आणला. त्याने माश्या अलगद लाकडी पेटीत उतरवल्या आणि म्हणाला, “माझ्याकडे आता जागा नाही. ठेवता का?” पेटी आमच्या परसात आली. मीही लग्न होऊन त्याच महिन्यात या घरात आले होते. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “यंदा घरात एक सून आली आणि हजारभर माश्या. सून तरी बोलते.”

पुढे एकीच्या दोन पेट्या झाल्या. बाबांना नवंच वेड लागलं. सकाळचा चहा पेटीजवळच्या स्टुलावर बसून. पायांना पराग लावून येणारी माशी दिसली की मला हाक मारायचे, “सूनबाई, ये बघ, पिवळी पिशवी घेऊन आलीय.” मी हातातलं काम टाकून जायचे. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मला त्या घरात सगळ्यात जवळचं माणूस तेच वाटायचं, आणि आमची ओळख त्या स्टुलाशेजारी उभं राहूनच झाली.

मग शेजारचं घर एका नर्सबाईंनी भाड्याने घेतलं. चाळिशीच्या, एकट्या, बोलायला गोड. पण त्यांच्या खिडक्या कधी उघड्या दिसायच्या नाहीत. स्कूटर बाहेर काढताना डोक्यापासून कंबरेपर्यंत ओढणी गुंडाळलेली असायची. कपडे घरातच वाळत घालायच्या. काचेतून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला ओला युनिफॉर्म दिसायचा.

“धुळीचं वावडं असेल,” सासूबाई म्हणाल्या.

एके दिवशी नगरपालिकेतून एक निरीक्षक मुलगी आली. तक्रार होती. रहिवासी भागात मधमाश्या पाळायचे नियम असतात, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. बाबांना मात्र सगळं ठाऊक होतं. एका घरात दोनच पेट्या. कुंपणापासून लांब. पेटीचं तोंड शेजाऱ्यांकडे नको. समोर डोक्यापेक्षा उंच झुडपं हवीत, म्हणजे माश्या वरूनच उडतात. जवळ पाणी हवं, नाहीतर त्या दुसऱ्यांच्या नळावर जातात. मुलीने टेपने सगळं मोजलं, पाण्याचं पसरट भांडंसुद्धा वाकून पाहिलं आणि हसली.

“आजोबा, तुमचं सगळं नियमात आहे. तक्रार इथेच मिटली.”

“केली कोणी?” सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवून विचारलं.

“शेजारच्या बाईंच्या भावाने. बाईंना पूर्वी एकदा माशी चावली होती, तेव्हा घसा सुजून श्वासच बंद पडायची वेळ आली होती म्हणे. पर्समध्ये कायम इंजेक्शन ठेवतात. बाईंनी स्वतः काही तक्रार केलेली नाही. भावालाच रागावल्या म्हणे.”

मुलगी गेली. सासूबाईंनी लढाई जिंकल्यासारखा चहा टाकला. बाबांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

“आता काय झालं?” सासूबाई म्हणाल्या. “सगळं नियमात आहे, ऐकलंत ना?”

“ऐकलं गं. पण ती बाई स्वतःच्या अंगणात चोरासारखी वावरते. आणि मला वाटत होतं, धूळ.”

“म्हणून काय पेट्या फेकून देणार?”

“फेकत नाही. हलवतो.”

सासूबाईंचं डोकं लगेच कामाला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच गावाबाहेरच्या रोपवाटिकेतल्या माळीबुवांना फोन लावून जागा पक्की केली.

संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर बाबांनी पेट्यांची तोंडं जाळीने बंद केली. जुन्या डेपोतला एक मित्र टेम्पो घेऊन आला. मागे पेट्यांना हात लावून बाबा स्वतः बसले आणि मित्राला म्हणाले, “खड्डे बघून चालव रे.” त्यांना दुसऱ्याच्या गाडीत बसायची सवयच नव्हती.

सकाळी मी चहा घेऊन परसात गेले. बाबा स्टुलावर होते. समोर पेट्यांची रिकामी जागा, आणि तिथे मागे राहिलेल्या चार-पाच माश्या घिरट्या घालत होत्या. घर कुठे गेलं ते त्यांना कळेना. बाबांचे डोळे भरले होते. मी कप ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

तेवढ्यात शेजारची खिडकी बोटभर उघडली.

“काका, पेट्या कुठे गेल्या?”

“बदली झाली त्यांची,” बाबा म्हणाले. “मोकळ्या हवेत.”

“माझ्यामुळे ना?” त्या म्हणाल्या. “मला एकदा विचारायचंत तरी. मी दुसरं घर बघत होते. तुम्ही त्यांच्याशी बोलत बसता, ते मी रोज काचेतून बघायचे. मला फार आवडायचं ते.”

“माणसाने घर सोडायचं आणि माश्यांनी राहायचं, असं कसं चालेल?”

“मग मला आधी सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत?”

यावर त्या रडता रडता हसल्या. आठवड्याभरात त्यांच्या अंगणात दोरी बांधली गेली आणि पांढरे युनिफॉर्म उन्हात वाळायला लागले. दुपारची पाळी संपली की त्या आमच्या स्वयंपाकघरात यायच्या. बाबा त्यांना माश्यांच्या गमती सांगायचे, आणि काचेऐवजी आता समोर बसून त्या ऐकायच्या. सासूबाईंना त्या ‘आई’ म्हणू लागल्या. मग सासूबाई त्यांच्यावरही खेकसायला लागल्या, म्हणजे त्या घरच्याच झाल्या.

बाबा दर दोन दिवसांनी बसने रोपवाटिकेत जायचे. परत आल्यावर फाटकाबाहेर सदरा काढून दोनदा झटकायचे, कॉलर उलटून बघायचे आणि मगच आत यायचे. एकदा घडीत खरंच एक माशी निघाली. त्यांनी ती काडेपेटीत ठेवली, पेटीला बारीक भोक पाडलं आणि उलटपावली स्टॉपकडे निघाले.

“अहो, एका माशीसाठी पुन्हा एवढ्या लांब?” सासूबाई ओरडल्या.

“तिचं सगळं घर तिकडे आहे ना.”

“मग तिचं तिकीट काढा!”

“ड्रायव्हरच्या घरच्यांना माफ असतं,” बाबा म्हणाले, आणि काडेपेटी खिशाच्या आत न ठेवता हातावर तोलत, सावकाश चालत गेले.