बॅटरीला नाक नसतं

हरिपुरात कुणी नवखा आला, की अंबूबाई त्याला रिकामी बादली दाखवायची.

नवखा म्हणजे कुणीही. विमा कंपनीचा साहेब असो, पेवं बघायला आलेली कॉलेजची पोरं असोत, नाहीतर बँकेत बदलून आलेला शिपाई. पेव उघडायच्या दिवसांत असा माणूस हिच्या हाताला लागला, की त्याचं काही खरं नव्हतं. ती त्याला पेवाच्या तोंडाशी न्यायची आणि म्हणायची, "साहेब, काडी वढा. एका चहाची पैज. फुंकर न घालता, पानी न वतता म्या ती विझवून दावते." साहेब हसत काडी ओढायचा. मग ही दोरीला बांधलेली बादली आत सोडायची, जरा आडवी-तिडवी करायची आणि भरली घागर काढावी तशी हळूहळू, न हिंदकळू देता वर घ्यायची. बादलीत टिपूस नसायचा. ती बादली ती काडीवर कलती करायची आणि काडी विझायची. धूरसुद्धा धड वर जायचा नाही.

"भूत हाय साहेब," अंबूबाई गंभीर तोंडानं सांगायची. "लय आळशी भूत. जाळ दिसला की त्येच्यावर लोळतंय."

चहा तिला मिळायचाच. काही साहेब तर पेवाला नमस्कार करूनही जायचे.

भूत कसलं आलंय डोंबलाचं! पेव म्हणजे जमिनीत खणलेला वीस-पंचवीस फूट खोल खड्डा. तोंड एक माणूस जेमतेम मावेल एवढं, पोट मात्र रांजणासारखं. आत उसाचं पाचट लावून हळद ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. पण ती हळद, ते पाचट आणि ती दमट माती अंधारात गप्प बसलेली नसतात. आतल्या हवेतला प्राणवायू खात बसतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडत बसतात. तुम्ही-आम्ही नाकानं सोडतो तोच. त्याला रंग नाही, तो दिसत नाही, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळं तोंड उघडलं तरी वर यायचं नाव घेत नाही. आडातल्या पाण्यासारखा तळाला पडून राहतो. त्यात माणूस उतरला की दोन श्वासांत गुडघे जातात, आणि हाक मारायला तिसरा उरत नाही.

म्हणून कंदील. पेव उघडलं, की आधी पेटता कंदील दोरीनं तळापर्यंत सोडायचा. विझला तर थांबायचं, तेवत राहिला तर माणूस उतरायचा. कृष्णेच्या महापुरांनी बरीच पेवं खाल्ली, गावात आता मोजकीच उरली. पण एका व्यापाऱ्याच्या वखारीत पेवंही होती, कंदीलही होता आणि पन्नास वर्षं त्या कंदिलाची दोरी अंबूबाईच्या हातात होती.

ती तिच्या हातात कशी आली, हे ती कुणाला सांगत नसे. जोतीराम तिचा धाकटा भाऊ. सतरा वर्षांचा, शिट्टी वाजवत काम करणारा. एकदा घाई होती, कंदील सोडलाच नाही. जोतीराम उतरला आणि शिट्टी थांबली. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही वर आला नाही. पुढं वखारीच्या थोरल्या मालकांनी तो कंदील आणून तिच्या हातात दिला आणि सांगितलं, "तू व्हय म्हनल्याबिगर हितं कुनी उतरायचं न्हाई." तेव्हापासून तिच्या देखत कुणी दगावलं नाही.

आता एवढं सोसलेल्या बाईनं त्या कंदिलाशी तरी खोड्या करू नयेत की नाही? पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. कधीतरी एका उन्हाच्या दिवशी तिला चहाची तलफ आली, गडीही दमलेले होते आणि मालक काही थांबू देईनात. अंबूबाईनं कंदील सोडता सोडता मनगटाला एक बारीक हिसका दिला. वात भप्पकन विझली. "विझला!" ती ओरडली. "घटकाभर थांबायला पायजे." गडी सावलीला बसले, चहा आला. त्या दिवसापासून मालकानं फार घाई केली, की कंदील विझायचा. गड्यांनाही ते माहीत होतं. "आज्जे, कंदील खरा इझला का चहाचा?" असं ते कुजबुजत विचारायचे आणि ती डोळा मारायची. खरा असेल तेव्हा ती डोळा मारत नसे, एवढं इमान तिनं राखलं होतं.

थोरले मालक गेले आणि त्यांचा नातू वीरधवल पुण्याहून शिकून आला. पोरगा वाईट नव्हता, पण उंटावरचा शहाणा. आल्या आल्या त्यानं वखारीभर कॅमेरे लावले. महिन्याभरातच एक दिवस त्यानं सगळ्या गड्यांना गोळा केलं आणि मोबाइल धरला. त्यात अंबूबाई होती, कंदील होता आणि तिचा तो हिसका होता. वीरधवलनं तो हिसका तीनदा दाखवला, तिसऱ्यांदा तर अगदी संथ करून.

अंबूबाईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "लुगडं झ्याक दिसतंय की रं माजं!"

सगळे खो-खो हसले. वीरधवल हसला नाही. "मावशी, उद्यापासनं तुम्ही कंदिलाला हात लावायचा नाही. बायकांत बसून हळद निवडा. तसंही रॉकेल कुठं मिळतंय आता? ही घ्या नवी पद्धत." त्यानं पिशवीतून मनगटाएवढी जाड बॅटरी काढली. "सगळं पेव लख्ख दिसतं. पाण्यात बुडवली तरी चालते."

अंबूबाई गुमान जाऊन हळद निवडायला बसली. दिवसभर तिनं बायकांना हसवलं, पण त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली नाही.

आठवड्याभरानं मोठं पेव उघडायचं ठरलं. सकाळी सातला तोंड फोडलं. वीरधवलच्या आईनं निरांजन लावून पूजा केली, नारळ फुटला. दहापर्यंत ट्रक दारात येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी हॉर्न मारायला लागला. उतरायचं होतं तारिकला. त्याचा बाप मौला जन्मभर याच वखारीत राबला, आणि तारिक लहानपणी अंबूबाईच्या मांडीवर बसून कंदील धरायचा. आता त्याचं नुकतंच लग्न झालेलं, बायको शाझिया रोज डब्यात काहीतरी नवं द्यायची. तो कंबरेला दोर बांधत होता.

वीरधवलनं दोरीनं बॅटरी आत सोडली. पेवाचं पोट पिवळंधमक उजळलं, तळापर्यंतची हळद दिसली. बॅटरी तळाला टेकली, तिथं मिनिटभर राहिली आणि जशीच्या तशी जळत वर आली.

"बघा," वीरधवल म्हणाला. "विझली का? उतर रे तारिक."

पलीकडं सुपात हळद घेऊन बसलेल्या अंबूबाईला आधी हसूच आलं. मग ते हसू मावळलं. कारण बाकी कुणीच हसत नव्हतं. सगळे माना डोलावत होते! तिनं सूप फेकलं, धावत आली, आणि तारिकच्या आधी पेवाच्या तोंडावर जाऊन दोन्ही पाय आत सोडून बसली.

"मावशी! हा काय तमाशा?"

"उठत न्हाई. उचलून टाका मला."

"अहो, तीन तास पेव उघडं आहे. गॅस गेला सगळा."

"कसा जाईल? त्येला चढाय पाय हायत व्हय? कंदील सोड."

"म्हणजे तुम्ही हिसका देणार! बॅटरी सोडली की आत्ता. विझली का ती?"

"अरं बाळा, बॅटरीला नाक नसतं रं!" अंबूबाई कळवळून ओरडली. "कंदील वारा खाऊन जगतो, आपल्यावानी. तुजी बॅटरी पान्यात बी जळती म्हनलास न्हवं? म्हंजे पान्यात मानूस जगतो व्हय?"

वीरधवलनं हातातल्या बॅटरीकडं बघितलं. पण चारचौघांसमोर माघार कशी घ्यायची? "कार्बन डायऑक्साइड म्हणजे काय विष नाही, मावशी. मी शिकलोय. सोड्याच्या बाटलीत तोच असतो. पितो की आपण."

"पितोस. सोड्यात बुडी मारून बसतोस का?"

गडी हसले. आणि तिथंच घात झाला. नेहमीसारखं अंबूबाईनं काहीतरी चुरचुरीत बोलायचं आणि नेहमीसारखं सगळ्यांनी हसायचं. तारिक तिच्याजवळ वाकला आणि कानात म्हणाला, "आज्जे, पाय दुखतील. ऊठ. माल चढला की चहा सांगतो. दोन कप."

त्यानं डोळा मारला.

पन्नास वर्षं केलेल्या खोड्या आता या पोराच्या तोंडून अंबूबाईपुढं उभ्या राहिल्या होत्या. वीरधवलचं काही नव्हतं, तो नवा होता. पण तारिकसुद्धा? कंदिलाची पत तिनंच घालवली होती, एकेका चहापायी. आज हा पोरगा खाली गेला तर त्याला बॅटरीनं नाही, अंबूबाईनं मारला असं होणार होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते बघून एकजण म्हणाला, "आज लय भारी सोंग करतीया म्हातारी!"

आता काय करणार? खरं बोलून उपयोग नव्हता. रडून तर मुळीच नव्हता. अंबूबाईनं पदरानं नाक पुसलं.

"मालक," ती म्हणाली, "पैज. एका चहाची."

लगेच सगळे सावरून उभे राहिले. पैज म्हटल्यावर हरिपुरात जागचं कोण हलतंय?

"म्या कशाला हात लावत न्हाई. दोरीला न्हाई, बादलीला न्हाई. हात म्या मांडीखाली घेते. तू सोवताच्या हातानं बादली तळाला सोड, आडवी कर, हळू वर घे, आन् तुज्या आईच्या निरांजनावर वत. दिवा तेवत राह्यला तर म्या उठते, पुना तोंड उघडत न्हाई."

"आणि विझला तर?"

"तर तूच काय त्ये ठरीव."

ती बाजूला सरकली आणि खरंच हात मांडीखाली घालून बसली. वीरधवलनं बादली सोडली. या बादलीचा खेळ त्यानं कधी पाहिला नव्हता आणि ज्यांनी पाहिला होता, त्यांना ती अंबूबाईच्या हाताची करामत वाटत आली होती. त्यानं बादली वर घेतली, आत वाकून बघितलं, गड्यांना दाखवली. रिकामी. मग हसत हसत ती निरांजनावर कलती केली.

निरांजन विझलं.

"वारा आला," वीरधवल म्हणाला. पण त्याचा सदरासुद्धा हलला नव्हता. त्यानं दिवा पुन्हा लावला आणि बादली पुन्हा कलती केली. दिवा पुन्हा विझला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मात्र तेवत राहिला, कारण बादली आता खरोखरच रिकामी झाली होती.

ट्रकवाल्यानं हॉर्न मारला तर चौघे त्याच्यावर खेकसले. तारिकनं कंबरेचा दोर सोडायला घेतला आणि त्याला गाठ सुटेना. वीरधवल त्या निरांजनाकडं बघत होता.

"मी... मी त्याला उतरवत होतो, मावशी," तो म्हणाला.

"व्हय," अंबूबाई म्हणाली. "आन् म्या उतरू देत हुते. हिसके म्या दिले न्हवं? ह्ये आपल्या दोगांचं."

ट्रक रिकामा परत गेला. वीरधवलनं हळद उफणायचा पंखा आणवला, पाइप लावून दिवसभर पेवात वारा सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कंदील घासूनपुसून आणला, कुठून तरी रॉकेलही पैदा केलं आणि सगळ्यांसमोर अंबूबाईपुढं धरला. सोबत पोरगा चहाही घेऊन आला होता. "पैज हरलो, मावशी. तुमचा कंदील घ्या."

अंबूबाईनं कंदिलाची कडी एकदा कुरवाळली. घ्यायला तिचा जीव किती तुटत होता, ते तिलाच ठाऊक. "नगं," ती म्हणाली. "हितनं म्होरं ज्यो उतरनार, त्येनंच कंदील सोडायचा. ज्येचं नाक, त्येची दोरी. माज्या मनगटावर इस्वास ठेवू नका."

कंदील तारिककडं गेला. अंबूबाई चहाचा कप घेऊन दहा पावलं लांब बसली. तारिकनं दोरी सोडली. कंदील अर्ध्यावर गेला असेल नसेल, भप्पकन विझला.

"विझला!" तारिक ओरडला. "थांबावं लागंल गड्या. आज्जी, चहा पी निवांत." आणि त्यानं लांबूनच डोळा मारला.

गडी हसायला लागले. अंबूबाई मात्र ताडकन उठली, कप खाली ठेवला, तरातरा गेली आणि तारिकच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याच्या हातातली दोरीच निसटायची.

"मनगट बघितलं म्या तुजं, मुडद्या! परत पेटीव. परत सोड. सरळ."

तारिक ओशाळला. त्यानं कंदील पेटवला आणि सरळ सोडला. कंदील तळाला गेला, तेवत राहिला आणि तेवतच वर आला. मग तारिक उतरला. उतरता उतरता त्यानं शिट्टी धरली. म्हातारी पेवाच्या काठाला बसून ती शिट्टी ऐकत राहिली. पोती वर येत गेली, ऊन वर आलं आणि शेवटी हळदीनं पिवळं झालेलं तारिकचं डोकं पेवातून बाहेर आलं.

तेव्हा अंबूबाईनं सकाळचा कप उचलून तोंडाला लावला. त्यावर जाड साय धरली होती, माशी पडली होती आणि चहा पार गार झाला होता.

तिनं माशी बोटानं काढून टाकली आणि कप रिकामा केला. "ग्वाड झालाय," ती म्हणाली.